अनाथसेवा आणि देश-काल-पात्र

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री, परतफेडीची इच्छा न धरता दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. भलत्या ठिकाणी, अपात्री, तुच्छतेने दिलेले ते तामस. ही कसोटी अन्नदानास लावण्याची आपणांस सवय आहे. परंतु मनुष्य आपला सहवास देतो, लळा देतो, तेव्हा ती लावावी की नाही? आम्ही म्हणतो, अधिकच लावावी. दिलेले धोतर परत नेले तर दुसरे मिळेल. लावलेला लळा परत नेला तर लेकराने कोणाकडे पाहावे?

हे सुचण्यास कारण असे. वडनेर भोलजी येथे सप्ताहात काल्याचा प्रसाद झाल्यावर एक वृद्ध माय जवळ आली. म्हणाली, "महाराज, नातू तिकडं लंडनले शिकते. सुट्टीत नेपाळातल्या अनाथ लेकराइची सेवा कराले चालला. पैसे बी सोताचेच भरते. हे पुण्यच नं?" आम्ही म्हटले, "माय, हेतू पुण्याचाच आहे. पण पात्र कोण, हे आधी पाहावे लागेल."

नेपाळात १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमला वगैरे दुर्गम डोंगरी भागांतून दलालांनी मुले आणली. शिक्षण देतो म्हणून आईबापांकडून पैसे घेतले आणि कित्येक मुलांचे खोटे कागद करून ती अनाथ ठरविली. तेथील अशा गृहांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप हयात असल्याचे पुढे दिसून आले. गृहे तरी कोठे? बहुतेक काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्यात, जेथे परदेशी प्रवासी उतरतात तेथेच. प्रवाशाला अनाथ पाहिजे, म्हणून अनाथ तयार होतो! बाजारात गिऱ्हाईक वाढले की माल वाढतो, हे वाण्याला सांगावे लागत नाही. येथे माल म्हणजे कोणाच्या तरी पोटचा गोळा आहे. २०१५ च्या भूकंपानंतर हे भय पुन्हा वाढले. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही आपल्या ठरावात अशा स्वयंसेवेपासून मुलांना होणाऱ्या अपायाचा इशारा दिला.

बरे, गृह सचोटीचे आहे असे धरू. तरी पंधरा दिवस कडेवर घेणार, गाणी शिकविणार आणि विमानात बसणार. पुढच्या पंधरवड्यास दुसरा. ज्याला आधीच कोणी सोडून गेले, त्याला आपण सोडून जाण्याचाच सराव घडवितो. आणि एक साधी गोष्ट विचारा. उद्या एखादा अनोळखी परदेशी मनुष्य वडनेरच्या शाळेत येऊन, ना भाषा ना ओळख, आपल्या पोरांना न्हाऊमाखू घालू लागला, फोटो काढू लागला, तर गाव चालू देईल काय? मग नेपाळच्या लेकरास निराळा न्याय का?

वारकऱ्याला हे परके वाटू नये. वडनेराहून महामार्गाने मलकापूर ओलांडले की मुक्ताईनगर. ती मुक्ताई पोरकीच होती. निवृत्तिनाथांच्या छायेत ती भावंडे एकत्र राहिली. नाथबाबांचे मातापिता लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढविले. पैठणास आजोबांचे घर होते म्हणून त्या बाळाला दुसरे दार पाहावे लागले नाही. आपला २०१५ चा बालन्याय कायदाही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो.

अखेरचा म्हणजे अनावश्यक नव्हे. पंढरीत प्रार्थना समाजाच्या लोकांनी १८७५ मध्ये बालकाश्रम काढला, तो टाकून दिलेल्या अर्भकांसाठी. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, बेवारस, अपंग मुलांना बाप म्हणून आपले नाव दिले. जन्म तेथे घातला. कोणास सेवाच करायची तर मोजमाप हे घ्यावे. एवढे होत नसेल तर मुलांच्या गळ्यात न पडता तेथल्या कायमच्या सांभाळणाऱ्या बायांच्या पगाराला हातभार लावावा, औषधाचा खर्च उचलावा. वाढदिवसाला केक घेऊन जाणारे आणि पोरांना रांगेत उभे करून फोटो काढणारे आपल्याकडेही थोडे नाहीत. आळंदीच्या खाजगी वारकरी शिक्षणसंस्थांतही लहान पोरे राहतात. तेथे पोर ठेवणाऱ्याने नोंदणी आहे काय, रात्री मुलांपाशी कोण असते, हे विचारावे. विचारण्याने गुरूचा अपमान होत नाही.

त्या मायला आम्ही एवढेच सांगितले, की नातवाला म्हणावे, भरलेले पैसे कोणाकडे जातात, मुलांचे आईबाप कोठे आहेत, त्यांना घरी पोचविण्याची खटपट चालू आहे काय, हे लेखी विचार. उत्तर आले नाही तर जाऊ नको.

आणि आपल्या गावचे काय? कर्जाने बाप गेलेली, आजीच्या भाकरीवर वाढणारी पोरे विदर्भातल्या गावोगाव आहेत. सरकारची बालसंगोपन योजना आहे. तीत २०२३ मध्ये मुलामागे दरमहा २२५० रुपये करण्यात आले, ते पोर घरात राहावे म्हणून. पण अर्ज, दाखले, बँकेचे खाते, बुलढाण्याची कचेरी, हे आजीला एकटीने झेपत नाही. सप्ताहाच्या मंडळात लिहितेवाचते तरुण पुष्कळ आहेत. मंडप सोडण्याआधी त्यांनी गावातल्या अशा घरांची यादी करावी आणि एकेका आजीबरोबर एकेकाने कचेरीत जावे. पहिल्या खेपेस काम होणार नाही, दुसऱ्या खेपेसही जावे.