जीव, तत्त्व आणि नियम



गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीव पवित्र आहे, असे कॅथलिक चर्च सांगते. ज्यांच्या जीवाला इथे शतकानुशतके मोल नव्हते, त्या आपण हे हसण्यावारी नेऊ नये. पण चर्चचा पगडा असलेल्या आयर्लंडने १९८३ साली त्याचा घटनेत नियम केला. २०१२ साली सविता हलप्पनवार (माहेर बेळगावचे) तिथे दगावली. गर्भ वाचणार नव्हता. पण त्याचे ठोके चालू होते, म्हणून गर्भपात नाकारला. जंतुदोष रक्तात भिनला. २०१८ साली जनतेने मतदानाने तो नियम काढला.

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व मानले, नियम नव्हे. नियम जखडतो, तत्त्व प्रत्येक वेळी विचार करायला लावते. आईचा प्राण वाचविणे वेगळे. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणाऱ्या घराने पहिले शील कोणत्या तोंडाने म्हणावे?