निरवानिरव

पूर्वी काशीयात्रेला पायी निघणारा गृहस्थ घराला नुसते कुलूप घालून निघत नसे. कोणाचे देणे राहिले ते तो आठवी, कोणाची ठेव आपल्यापाशी आहे ती परत करी, देवपूजा आणि गुरेढोरे कोणावर तरी सोपवी, आणि मगच हात जोडून निरोप घेई. याचेच नाव निरवानिरव. आणि सज्जनहो, आपल्या जुन्या, विसरलेल्या ऑनलाइन खात्यांच्या बाबतीत मला हीच साधना आवश्यक वाटते.

विसर पडणे म्हणजे त्याग नव्हे. विस्मरणात वस्तू आपलीच राहते, फक्त तिची राखण सुटते. 2013 मध्ये याहूवर जी चोरी झाली, तीत तीन अब्ज खात्यांची माहिती गेली, वर्षानुवर्षे न उघडलेल्या खात्यांचीसुद्धा. आपण सोडलेला मोबाइल क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि त्याला जोडलेल्या जुन्या खात्याचा ओटीपी मग त्या परक्याच्या हाती पडतो. म्हणून निरवानिरवीचा आरंभ स्मरणाने होतो: मेलपेटीत ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’ एवढे शब्द शोधले, तरी विस्मृतीत गेलेली किती नावे समोर येतात!

त्यांत एखादे विवाहजुळणीचे संकेतस्थळ निघते. लग्न होऊन मुले शाळेत जाऊ लागली, तरी तिथे आपले गोत्र, रास, उंची, वडिलांचा व्यवसाय आणि मामांचे आडनाव तसेच मांडलेले असते. ही माहिती एकट्या आपली कुठे होती? वडिलांनी आणि मामांनी ती विश्वासाने आपल्या हाती दिली होती, आणि विश्वासाने आलेली ठेव उघड्यावर टाकून पुढे जाणे, हे निरवानिरवीच्या धर्माला सोडून आहे. छायाचित्रे, पत्रे आधी उतरवून घ्यावीत, मग खाते मिटवावे. फोनवरून ॲप काढले म्हणून खाते मिटत नाही.

जी खाती चालू ठेवायची, त्यांची निरवानिरव सोपवण्यात आहे. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल स्वतःच पुसू शकते. त्याआधी त्यातली माहिती कोणाच्या हाती जावी, हे आपल्याला तिथेच नोंदवून ठेवता येते. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही आपल्या माघारी आपल्या माहितीवरचे हक्क बजावणारी व्यक्ती नेमण्याची तरतूद केली आहे.

येत्या एकादशीला घटकाभर बसा आणि निदान एक खाते निरवा. आधी ते, ज्याला बँकेचे कार्ड जोडलेले आहे.