सांगितले नसते तर?

सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरची मुले बारावीनंतर अकलूज, पंढरपूर किंवा सोलापूर गाठतात. त्यांच्यातला कुणी संगणक शाखेला गेला आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायची वेळ आली, की विषय आसपासचेच सुचतात: दूध संकलनाचा हिशेब, पतसंस्थेची खाती, पाणीपट्टीची वसुली. पदवी हाती पडण्याआधीच तो लोकांच्या पैशांची आणि माहितीची राखण शिरावर घेतो. ही राखण तो शिकतो कुठे, याचा शोध घ्यायला हवा.

परीक्षा त्याचे उत्तर देत नाही. पेपरात हॅशिंगची, म्हणजे पासवर्ड मूळ रूपात न ठेवता उलट न फिरवता येणाऱ्या रूपात साठवण्याची, व्याख्या विचारली, की विद्यार्थी ती लिहितो. बॉन विद्यापीठातील अलेना नायाक्षिना आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये याच्या पुढचा प्रश्न विचारला. संगणकशास्त्राच्या 20 विद्यार्थ्यांना त्यांनी वापरकर्त्यांच्या नोंदणीच्या सोयीचा प्रोग्राम लिहायला दिला. पासवर्ड सुरक्षित साठवा, हे निम्म्यांनाच सांगितले. ज्यांना सांगितले नव्हते, त्या दहांपैकी एकानेही तो सुरक्षित साठवला नाही. हॅशिंग ठाऊक असलेलेही त्यांच्यात होते. ज्ञान होते, पण ते वापरायची वेळ आली आहे, हे कळले नाही.

कुणी सांगितल्याशिवाय सुरक्षेचा विचार न करण्याची ही सवय कुठून लागते? मला वाटते, पहिल्याच उदाहरणातून. डेटाबेसच्या प्रॅक्टिकलमध्ये वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीला जोडायचा, ही रीत अनेकदा सोपी म्हणून शिकवली जाते. अशा मजकुरातून हल्लेखोर डेटाबेसला स्वतःची आज्ञा देऊ शकतो; एसक्यूएल इंजेक्शन नावाचा हा धोका 1998 पासून जाहीरपणे माहीत आहे. तरी जर्नलमध्ये तीच क्वेरी उतरते, आउटपुट बरोबर आले म्हणून सही होते, आणि वर्ष-दोन वर्षांनी सुरक्षेच्या पेपरात तीच चूक म्हणून शिकवली जाते. तोवर हात वळलेला असतो.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी उभ्या केलेल्या बनावट यंत्रणेने एटीएमच्या मागण्या परस्पर मंजूर केल्या. खात्यात शिल्लक आहे का, हे बँकेच्या मूळ प्रणालीला विचारलेच गेले नाही. समोरून आलेल्या होकारावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न प्रत्येक प्रोग्रामरपुढे रोज असतो.

बॉनमध्ये घेतला तसा शोध सोलापूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतही घेता येईल. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. सुरक्षेचा उल्लेख न करता एक काम द्यावे, मग विद्यार्थ्याशेजारी बसून प्रत्येक ओळीमागचा विचार ऐकावा. मात्र या कामाला गुण नसावेत. गुण आले की विद्यार्थी चूक लपवतो, आणि शिक्षकाला हवी असते तीच माहिती हरवते. त्यातून जे कळेल त्यानुसार पहिल्या वर्षाची उदाहरणे बदलावीत. सुरक्षेचा स्वतंत्र पेपर जरूर असावा, पण पहिल्या प्रॅक्टिकलपासून सुरक्षित रीत हीच साधी रीत म्हणून शिकवली, तरच त्या पेपराला पाया मिळेल. कुणी सांगितले नसताना विद्यार्थी काय लिहितो, तेवढेच तो खरे शिकलेला असतो.