मन शुद्ध असले तरी

पिंपरीतल्या संत तुकाराम नगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. कामगार वस्त्यांपासून मावळ-खेडच्या गावांपर्यंतचे गोरगरीब तिथे उपचारांसाठी येतात. एवढ्या मोठ्या रुग्णालयाची साफसफाई, सुरक्षा, खरेदी, देखभाल ठेक्यांशिवाय चालत नाही, आणि ठराविक रकमेवरचा ठेका मंजूर करण्याचा अधिकार कायद्याने स्थायी समितीच्या सोळा नगरसेवकांकडे दिलेला आहे. समजा, त्या सोळांपैकी एकाच्या मेहुण्याने निविदा भरली आहे. नगरसेवक माळकरी आहे, वारी चुकवत नाही, मेहुण्याशी या विषयावर चकार शब्द बोललेला नाही, आणि मेहुण्याचा दरही रास्त आहे. त्याने बैठकीत बसून त्या विषयावर हात वर केला, तर काही चुकले का? आपल्याकडे बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: मनात पाप नसेल तर बिघडले काय? हे उत्तर धार्मिक वळणाचे आहे, कारण ते कृतीचा निवाडा करणाऱ्याच्या अंतःकरणावर सोपवते. ते चुकीचे आहे असे मला वाटते. शिवाय ज्या संताचे नाव या नगराला दिले आहे, त्याच्या चरित्राकडे नीट पाहिले तर तिथेही या उत्तराला आधार मिळत नाही.

तुकोबांच्या घरी देहूची महाजनकी होती आणि सावकारीही होती. गावच्या बाजारपेठेवर देखरेख ठेवणारे आणि त्याच गावात कर्ज देणारे घर एकच, अशी ती स्थिती. आजच्या भाषेत अधिकार आणि धंदा एका उंबऱ्याआड नांदत होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्या घराची वाताहत केली. पुढे भामचंद्राच्या डोंगरावर, म्हणजे आज ज्याच्या पायथ्याशी चाकणची कारखानदारी पसरली आहे तिथे, तुकोबांनी साधना केली. त्यानंतरची कथा संतचरित्रकार महिपतींनी सांगितली आहे आणि ती मराठी माणसाला पाठ असते: कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. कथेतला एक तपशील मात्र आपण भाविकपणे ओलांडून जातो. धाकटा भाऊ कान्होबा याची या गोष्टीला तयारी नव्हती. तेव्हा खतांची वाटणी झाली, अर्धी कान्होबाकडे गेली आणि तुकोबांनी फक्त आपला हिस्सा पाण्यात सोडला. आता असे पाहा की विरक्तीच हवी होती, तर कागद घरात ठेवूनही ती साधता आली असती. ‘खते पेटीत आहेत, पण माझे मन त्यांत नाही’ असे म्हणायला तुकोबांइतका अधिकारी माणूस दुसरा कोण होता? तरीही त्यांनी आपल्या मनाच्या खात्रीवर भागवले नाही. ऋणको आणि आपण यांच्यामधला कागदच त्यांनी काढून टाकला, आणि भावाच्या कागदांना हात लावला नाही. वैराग्याची कथा म्हणून ती थोर आहेच. पण जिथे संबंध गुंतलेला आहे तिथे मन निवळून पुरत नाही, जागा बदलावी लागते, ही व्यवहाराची समजही तिच्यात आहे.

कायदा याच समजुतीपर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रायपाक खटल्यात निकाल दिला. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते आणि निवड मंडळातला एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. स्वतःच्या नावाची चर्चा झाली तेव्हा तो बाहेर बसला. प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार झाला तेव्हा मात्र तो मंडळात होता. न्यायालयाने निवड रद्द केली. त्याच्या मनात काय होते हे सिद्ध करत बसणे न्यायालयाला आवश्यक वाटले नाही. त्या जागी बसलेल्या माणसाकडून पक्षपात होण्याची वाजवी शक्यता आहे का, एवढेच पाहिले गेले. मन दिसत नाही, जागा दिसते. सार्वजनिक न्याय जे दिसते त्याच्याच आधारावर उभा करता येतो, नाहीतर प्रत्येक सभेपूर्वी नगरसेवकांच्या अंतःकरणाची झडती घ्यावी लागेल.

यावरचा सर्वांत तोलामोलाचा आक्षेप गीतेकडून येतो. निष्काम कर्म करणारा माणूस फळापासून अलिप्त असतो. राजा जनक विदेही असूनही राज्य चालवत होता. मग हितसंबंध असूनही निःस्वार्थ निर्णय घेणारा माणूस संभवत नाही असे का मानायचे? टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाची बाजू मांडली ती याच विश्वासावर की संसारात राहून निर्लेप राहता येते. हे मी नाकारत नाही. निष्कामता ही कर्त्याने स्वतःला लावायची कसोटी आहे, आणि तिथे ती अचूक आहे. पण तिचा दाखला दुसऱ्याला देता येत नाही. ‘मी अलिप्त आहे, म्हणून मला मत देऊ द्या’ हे वाक्य उच्चारताच त्या मताची ओढ उघडी पडते. खरा अलिप्त असेल त्याला त्या एका विषयापुरते सभागृहाबाहेर जाऊन बसायला काय जड जाणार? जनकाचे नाव आजवर टिकले ते असा राजा विरळा म्हणून, आणि विरळ्याला धरून नगरपालिकेचे नियम करता येत नाहीत. या बाबतीत कौटिल्य जास्त रोखठोक आहे. सरकारी धनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार तो नोंदवतो आणि खात्यावर अनेक प्रमुख नेमावेत, तेही कायमचे नसावेत, असे सुचवतो. सद्गुणी अधिकारी शोधण्यावर तो विसंबत नाही.

पिंपरी-चिंचवडचा अलीकडचा इतिहास या मुद्द्याला पुरेसा पुरावा देतो, आणि त्यातला एक भाग तर थेट वारीशी जोडलेला आहे. २०१६ साली दिंडीप्रमुखांना भेट देण्यासाठी महापालिकेने विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्ती खरेदी केल्या, त्यांच्या दरावरून गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि २०१७ च्या निवडणुकीच्या प्रचारात ते गाजले. त्या निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसची दीर्घ सत्ता गेली आणि १२८ पैकी ७७ जागा घेऊन भाजप सत्तेवर आला. मग दिंड्यांना द्यायच्या ताडपत्र्यांच्या खरेदीवर तशाच धर्तीचे आरोप झाले, या वेळी उलट दिशेने. पुढे २०२१ च्या ऑगस्टमध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने स्थायी समितीच्या तत्कालीन अध्यक्षांसह पाच जणांना ठेकेदाराकडून लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि इथे कुणाला दोषी ठरवण्याचे कारणही नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की पक्ष बदलले, घोषणा बदलल्या, खरेदीची वस्तू मूर्तीवरून ताडपत्रीवर आली, तरी संशयाची जागा हलली नाही. ज्या टेबलावर ठेका मंजूर होतो त्या टेबलाभोवती कोण बसले आहे आणि त्याचे कुणाशी काय नाते आहे, हे नागरिकाला तेव्हाही कळत नव्हते. आयत्या वेळचे विषय, मूळ विषयाशी संबंध नसलेल्या उपसूचना, चर्चेविना मंजुरी या सभागृहाच्या सवयी त्या अंधाराला पूरकच ठरल्या. चांगली माणसे निवडून द्या, सगळे सुधारेल, हा उपदेश या शहराने सत्तांतर करून पाहिला आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो इथल्या मातीतून येतो. हितसंबंधच नसलेला लोकप्रतिनिधी हवा असेल तर तो परका असेल. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. प्रत्येक वेळी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरांतली माणसे पुढे नगरसेवक झाली ती हितसंबंध होते म्हणूनच. प्राधिकरणाने घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के परतावा मागणारा प्रतिनिधी स्वतःही बाधित असेल, तर त्याने गप्प बसायचे का? नाही. सर्वांबरोबर वाटून घेतलेले हित आणि एकट्याचे किंवा घरापुरते हित यांत फरक करावा लागतो. बाधित शेतकरी म्हणून मागणी करणे हे प्रतिनिधित्व आहे. त्याच सभागृहात आपल्या गटातल्या विशिष्ट भूखंडावरचे आरक्षण उठवायला मत देणे हे नाही. पहिल्यात त्याचा फायदा झाला तर तो हजारोंबरोबर होतो आणि सगळ्यांसमोर होतो.

हा फरक प्रत्येक वेळी इतका ठळक नसतो, हेही मान्य केले पाहिजे. अनधिकृत बांधकामांचेच घ्या. गुंठा-दोन गुंठे घेऊन कामगारांनी घरे बांधली, त्यांच्यावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीकर बसला, आणि तो रद्द व्हावा म्हणून नगरसेवक भांडले. २०२३ साली तो माफ झाला. भांडणाऱ्यांपैकी कुणी ते गुंठे विकणाऱ्यांतलाही असेल, तर त्याची मागणी आपोआप खोटी ठरत नाही, पण ऐकणाऱ्याला ते माहीत असायला हवे. महापालिका अधिनियमाने इथे बराच कडक पवित्रा घेतला आहे: नगरसेवकाने, त्याच्या जोडीदाराने किंवा अवलंबिताने बेकायदा बांधकाम केले, किंवा पाडापाडीत अडथळा आणला, तरी पद जाऊ शकते. प्रत्यक्षात काय दिसले? बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवणारे आयुक्त श्रीकर परदेशी यांची २०१४ च्या फेब्रुवारीत मुदतीआधीच बदली झाली आणि नागरिक रस्त्यावर उतरले. आणि १७ मे २०२५ रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून महापालिकेने पाडले. बंगले एका रात्रीत उभे राहत नाहीत. ते उभे राहत असताना त्या प्रभागात कोण काय पाहत होते, हा प्रश्न विचारला गेला. किंमत मात्र मुख्यतः घर घेणाऱ्यांनी मोजली.

तिसरे उत्तर काही सुशिक्षित मंडळींना मनापासून आवडते: नगरसेवकच नकोत, प्रशासक बरा. हा प्रयोगही या शहरात होऊन गेला आहे. १३ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत जवळपास चार वर्षे आयुक्तच प्रशासक होते. या काळात आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समिती म्हणून त्याला मान्यता द्यायची आणि सर्वसाधारण सभा म्हणून ठराव करायचा, ही तिन्ही कामे एकाच सहीने झाली. व्यक्ती कितीही सचोटीची असो, मागणारा आणि देणारा एकच असणे हाच हितसंघर्षाचा शुद्ध नमुना आहे. त्यात मेहुणासुद्धा लागत नाही. म्हणजे नगरसेवक घालवून प्रश्न सुटला नाही, फक्त सोळा जणांमधला गुंता एका खुर्चीत आला.

मग करायचे काय? महापालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष वाटा असलेला नगरसेवक अपात्र ठरतो. कंपनीचा नुसता भागधारक असणे त्याला अपवाद आहे, आणि मेहुणा, भाचा, पुतण्या तिथे आपोआप सापडत नाहीत. भावकीच्या शहरात हे दार फार मोठे आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक लोकप्रतिनिधीला आपले आणि आपल्या जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध नोंदवावे लागतात, ती नोंद लोकांसाठी खुली असते, आणि संबंधित विषयात भाग घेणे हा गुन्हा ठरू शकतो. आपल्या राज्यसभेतही सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. महापालिकेत मात्र निवडणुकीच्या अर्जाबरोबर मालमत्तेचे शपथपत्र दिले की पुढची पाच वर्षे कुणी विचारत नाही. नोंदवहीने चोर थांबणार नाहीत, बेनामी व्यवहार करणारा ती हसत भरेल, हा आक्षेप खरा आहे. पण त्या नोंदवहीचा पहिला उपयोग प्रामाणिक माणसाला आहे: माळकरी नगरसेवकाला सांगता येते की माझा मेहुणा निविदेत आहे, मी या विषयाला बसत नाही. आज असे सांगण्याची रीतच नसल्यामुळे सांगणारा वेड्यात निघतो आणि न सांगणारा व्यवहारी ठरतो. खोटी नोंद करणाऱ्याविरुद्ध नंतर निदान लेखी पुरावा तरी उरतो.

कायदा बदलण्यासाठी मुंबईची वाट पाहावी लागेल. ठराव करण्यासाठी लागत नाही. पिंपरी-चिंचवडच्या १२८ नगरसेवकांनी आपल्या आणि जवळच्या नातेवाइकांच्या ठेक्यांची, भागीदारींची आणि शहर हद्दीतल्या जमिनींची यादी दरवर्षी महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकायची, आणि संबंधित विषयाला सभागृहाबाहेर जायचे, एवढा ठराव त्यांनी मनात आणले तर पुढच्याच सभेत मांडता येईल. तो आयत्या वेळचा विषय म्हणून आणला, तरी या एका बाबतीत कुणी तक्रार करू नये. आणि आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे ती यादी मागण्यासाठी मतदारांनी ठरावाचीही वाट पाहू नये.