बरोबरीची जोड

मनुष्यास जय प्रिय असतो, यांत नवल नाहीं. परंतु ज्या खेळांत जयाचें प्रमाण सहसा वाढावयाचें नाहीं, त्यांतही तो वर्षानुवर्षें रमतो आणि समाधान पावतो, हें कसें? हल्लीं तरुण मुलें मोबाईलवर व संगणकावर जे चढाओढीचे खेळ खेळतात, त्यांच्यासंबंधानें हा प्रश्न आम्ही येथें मांडीत आहों. या खेळांनीं वेळ फुकट जातो कीं नाहीं, एवढाच वाद सुशिक्षित घरांतून ऐकूं येतो. त्यांत हळूहळू तरबेज होत जाण्याचें जें सुख आहे, त्याचें स्वरूप मात्र सहसा कोणी तपासून पाहत नाहीं.

अहिल्यानगर जिल्ह्यांत, नेवासे तालुक्यांतील घोडेगांव हें जनावरांच्या बाजारासाठीं नांवाजलेलें गांव आहे. या मुलखांत गांवोगांवच्या यात्रांतून कुस्त्यांचा हगामा भरतो. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुटतात, आणि पुढें इनाम चढत जातें. परंतु कोणीही उठून कोणाशींही भिडत नाहीं. पंच दोघांस जवळ उभे करून वय, अंगलोट व ताकद पाहतात, आणि मगच जोड लावतात. जोड विजोड झाली, तर पडणाऱ्याची कींव येते आणि पाडणाऱ्याचें कौतुक होत नाहीं. हरण्याचें भय ज्यांत खरें आहे, त्या जयालाच गोडी असते, हें तत्त्व फडाभोंवतीं बसलेल्या शेतकऱ्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं.

पंचांचें हें काम आतां गणित करितें. अमेरिकेंतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आर्पाड ईलो यांनीं बुद्धिबळपटूंचें बळ आंकड्यांत मोजण्याची रीत बसविली. ती तेथील संघटनेनें १९६० मध्यें व जागतिक संघटनेनें १९७० मध्यें स्वीकारली. या रीतीप्रमाणें दोघांचे गुणांक सारखे असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास निम्में यश यावें; २०० चें अंतर असल्यास वरचढाच्या वाट्यास शंभरांत सुमारें ७६. याच धर्तीचें गणित पुढें संगणकी खेळांनीं उचललें. २०२० मध्यें निघालेल्या ‘व्हॅलोरंट’ या खेळांत पांचांविरुद्ध पांच लढतात. तेथेंही दोन्ही बाजू तुल्यबळ व्हाव्या, अशी योजना असते. याचा परिणाम असा, कीं खेळाडू जसजसा सुधारतो, तसतसा प्रतिस्पर्धीही वरचा मिळतो. जो मुलगा वर्षापूर्वीं शंभरांत पन्नास डाव जिंकत होता, तो वर्षभर कष्ट करूनही पन्नासाच्या आसपासच राहतो. मग त्याला मिळालें काय?

घोडेगांवच्या बाजारांत बापाबरोबर प्रथमच आलेल्या मुलास सगळ्या म्हशी सारख्याच काळ्या दिसतात. कांहीं वर्षांनीं त्याच मुलाचें लक्ष कासेकडे, दांतांकडे, चालीकडे आपोआप जातें. म्हैस बदललेली नसते. पाहणारा बदललेला असतो. खेळांतही असेंच घडतें. नवख्याला जो नुसता गोंगाट वाटतो, त्यांतून मुरलेल्याला पावलांचा आवाज व त्याची दिशा उमजते. समोरचा आतां काय करील, याचा अंदाज बांधतां येतो. काल जें दिसत नव्हतें तें आज दिसूं लागणें, हीच खरी प्रगति होय. आणि तिचें समाधान हार होऊनही टिकतें.

मात्र हें दिसणें नुसत्या घोकंपट्टीनें येत नाहीं. अँडर्स एरिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ मध्यें बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या उणिवा हेरून नेमक्या त्यांवरच केलेली मेहनत ही नुसत्या अनुभवाहून वेगळी असते, असें त्यांचें म्हणणें होतें. हजार डाव खेळून पहिल्याच जागीं राहणारे खेळाडू म्हणूनच पुष्कळ आढळतात. पांचांच्या संघांत हरल्यावर खापर चौघांच्या माथीं फोडणें अगदीं सोपें असतें. तें न करितां ‘मीं कोठें चुकलों?’ असें जो स्वतःस विचारतो, तोच पुढें जातो. येथें खेळ हा नीतीचा प्रश्न होतो.

परंतु या समाधानाचें एक बनावट रूपही आहे, तें म्हणजे पदवीचें. ‘बीजीएमआय’मध्यें ब्राँझपासून काँकररपर्यंत पायऱ्या आहेत, आणि हंगाम पालटला कीं खेळाडूस कांहीं पायऱ्या खालीं उतरविलें जातें, म्हणजे तो पुन्हा चढूं लागतो. सप्टेंबर २०२० मध्यें ‘पब्जी मोबाईल’वर सरकारनें बंदी घातली, आणि जुलै २०२१ मध्यें तो खेळ नव्या नांवानें परत येईपर्यंत त्या पदव्यांस कोणी विचारीना. हाताचें व नजरेचें कसब मात्र कोणाच्या हुकुमानें गेलें नाहीं. जें दुसऱ्यास काढून घेतां येतें, तें आपलें नव्हे; एवढा विवेक मुलांनीं राखला पाहिजे.

याहून मोठा आक्षेप निराळाच आहे. खेळांत जोड लावणारा कोणीतरी असतो; संसारांत तो नसतो. कांदा पिकविणाऱ्यास अवकाळी पाऊस त्याची ताकद पाहून भेटत नाहीं, आणि भाव पडतांना त्याचें वय विचारीत नाहीं. ज्यास सदैव बरोबरीच्याच लढतीची संवय झाली, तो विजोड प्रसंगीं खचण्याचा संभव आहे. पायरीपायरीनें मिळणाऱ्या समाधानाच्या लोभानें तो शेत, अभ्यास, माणसें यांपासून दूर पळूंही शकेल. प्रगतीचें सुख खरें असतें. पण ती कोणत्या कामांत झाली, याची पारख तें सुख स्वतः करूं शकत नाहीं. ती पारख माणसानेंच करावयाची असते.

म्हणून आमचें मत असें, कीं हा खेळ तालमीसारखा असावा. तालमींत कोणी जन्मभर राहत नाहीं. परंतु तेथें कमावलेलें अंग बाहेर उपयोगी पडतें. आपली चूक आपण पाहणें, हार पचविणें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा उभें राहणें एवढें जर मुलगा खेळांतून घेऊन उठला, तर त्याचे तास वायां गेले असें आम्ही म्हणणार नाहीं. आईबापांनींही ‘जिंकलास का?’ असें विचारण्याऐवजीं ‘आज नवें काय दिसलें?’ असें विचारून पाहावें. ज्यास याचें उत्तर देतां येतें, तो शिकतो आहे. ज्यास तें देतां येत नाहीं, त्याच्या हातांतून खेळ थोडे दिवस काढून ठेवण्यास हरकत नाहीं.