किल्ली कोणाच्या हातात

"टनेल एकदम सुरक्षित आहे, साहेब," असं मी प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो. त्यात खोटं काही नाही. टनेल म्हणजे पुण्यातल्या माझ्या लॅपटॉपपासून कारखान्याच्या पॅनेलमधल्या फोर-जी राउटरपर्यंतचा इंटरनेटवरचा रस्ता; तो कुलूपबंद असतो, मध्येच कोणाला काही वाचता येत नाही. पण रस्ता संपतो तिथे पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक असतो, आणि त्याचं बोलणं बरेचदा मॉडबस नावाच्या भाषेत चालतं. १९७९ साली मॉडबस आलं तेव्हा तार कारखान्याच्या भिंतींच्या आतच फिरायची, त्यामुळे 'तू कोण?' असं विचारायची सोयच त्यात ठेवली नाही. आत पोचलेल्याचा हुकूम पीएलसी निमूट पाळतो. बाहेरच्या चोराचा बंदोबस्त झाला. आत शिरलेला मी कसा आहे, हे ग्राहक विचारत नाही, म्हणून मीच विचारतो आहे.

माझं बरंच काम साखर कारखान्यांचं. गळीत हंगामात अपरात्री फोन येतो, "साहेब, कॅरियर सुरू होईना, जरा बघता का?" मी अंथरुणातच लॅपटॉप उघडतो. पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये, लॅडरमध्ये, दिसतं, गव्हाणीलगतच्या पुल-कॉर्डचा, म्हणजे ओढली की उसाचा कॅरियर थांबवणाऱ्या दोरीचा, इंटरलॉक तुटलाय. ऑपरेटर म्हणतो, "दोरी कोणी ओढली नाही हो, स्विचच गेलाय. फोर्स करा." म्हणजे स्विच काहीही सांगो, तो ठीक आहे असं पीएलसीला मानायला लावा. (अशी दोरी पीएलसीच्या भरवशावर न ठेवता थेट मोटरच्या सर्किटमध्ये घ्यायची असते. जुन्या कारखान्यांत सगळीकडे तशी ती नसते.) माझ्या पडद्यावर फक्त शून्य आहे. स्विच खराब झाला तरी शून्य, आणि अडकलेला ऊस पहारीने मोकळा करायला उतरलेल्या माणसाने स्वतःच्या जिवासाठी दोरी ओढली असली तरी शून्यच. ऑपरेटर वर केबिनमध्ये असतो, त्यालाही ते दिसलेलं नसतं.

"खाली जाऊन बघून या, मग बोलू," असं मी म्हणतो. तो वैतागतो. गाळप थांबलेलं असतं, चीफ इंजिनिअर डोक्यावर बसलेला असतो. पण मी त्याला खाली पाठवतो ते कोणासाठी? गव्हाणीतल्या माणसासाठी, की उद्या काही झालंच तर 'मी विचारलं होतं' असं म्हणता यावं म्हणून? खरं सांगायचं तर दोन्ही. त्यातलं दुसरं कारण जरा आधी सुचतं, हे मला आवडत नाही. तिथे असतो तर स्वतः जिना उतरलो असतो. मग कारणं शोधायची वेळच आली नसती.

आत शिरलेला माणूस काय करू शकतो, याचं एक उदाहरण. ऑस्ट्रेलियातल्या मारूची शायरमध्ये २००० साली व्हिटेक बोडेन या माणसाने सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनांना दुरून हुकूम सोडले. सुमारे आठ लाख लिटर मैला उद्यानांत आणि नदी-ओढ्यांत गेला. टनेल नव्हता, गाडीत रेडिओ आणि संगणक होता. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतच तो पूर्वी कामाला होता आणि नगरपालिकेने त्याला नोकरी नाकारली होती. त्याला दोन वर्षांची कैद झाली. त्याचा राग माझ्यात नाही, असं मी खुशाल म्हणेन. पण त्याच्याकडे होती ती माहिती माझ्याकडेही आहे, करार संपलेल्या कारखान्यांचीसुद्धा. माझ्या चांगुलपणावर एखाद्या गावाचा पाणीपुरवठा अवलंबून असावा, इतका मी स्वतःला ओळखत नाही.

मग राउटर कायम चालू का ठेवायला लावतो? ग्राहकाला सांगतो, तुमचा वेळ वाचतो. माझा जास्त वाचतो. शिवाय दार माझ्या हातात असेपर्यंत देखभालीचा करारही माझ्याकडेच राहतो. हे कारण कोटेशनमध्ये कधी लिहिलेलं नाही.

काही पीएलसींवर रन, रिमोट, प्रोग्रॅम अशी खरीखुरी किल्ली असते; ती 'रन'वर असली की दुरून प्रोग्रॅम बदलता येत नाही. ती फिरवायला तिथेच हात लागतो. २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात सुरक्षा-नियंत्रकांची अशीच किल्ली 'प्रोग्रॅम'वर राहिली होती, आणि दुरून घुसलेल्यांना नेमकी तीच उपयोगी पडली. आपल्याकडे ती फिरवून फिरवून कंटाळा येतो, म्हणून रिमोटवर ठेवून चावी ड्रॉवरमध्ये पडते. कित्येकदा तसा सल्ला आमच्यासारखेच देतात.

ज्यांच्या पॅनेलमध्ये माझा राउटर आहे त्यांनी त्याच्या सप्लायला एक साधा स्विच बसवून घ्यावा, आणि तो शिफ्टच्या माणसाच्या ताब्यात ठेवावा. काम निघालं की त्याने मला फोन करावा, जागेवर जाऊन बघावं, मगच स्विच टाकावा. काम संपलं की बंद. रात्री माझा थोडा वेळ जाईल, जाऊ दे.