विझणारी ज्योत आणि नैयायिकांची शंका

स्पाच्या गॅस हीटरची पायलट ज्योत नॉब दाबून धरला की जळते, सोडला की विझते. लगेच निदान होतं: थर्मोकपल गेलं. हे ज्ञान की नुसती सवय? थर्मोकपलचं टोक ज्योतीत तापलं की साधारण 20 ते 30 मिलिव्होल्ट तयार होतात आणि तेवढ्याशा विजेवर सुरक्षा व्हॉल्व्हचा विद्युतचुंबक गॅसची वाट उघडी धरतो. पण पायलटच्या जेटमध्ये कोळ्याचं जाळं किंवा कचरा अडकला, तर ज्योत लुळी पडते, टोकापर्यंत पोचत नाही; थर्मोकपल धडधाकट असूनही लक्षण तेच. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कशास्त्री, इथेच सावध करतात. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, ओलं सरपणही लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. म्हणून आधी जेट साफ करावं, जोडणी घट्ट करावी, मग मिलिव्होल्ट मोजावेत. नुसता अन्वय (कारण असेल तिथे कार्य) पुरत नाही, व्यतिरेकही (कारण नसेल तिथे कार्य नाही) लागतो.

अनुमानावर विश्वास न ठेवणारा चार्वाक विचारेल, सगळ्या उपाधी तपासल्या हे कशावरून? आक्षेप वजनदार आहे. पण नैयायिक उदयनाचार्यांचं ‘न्यायकुसुमांजली’तलं उत्तर मला निर्णायक वाटतं: आपलंच वागणं जिला खोटं पाडतं, ती शंका तिथेच थांबते. कार्यकारणावर अविश्वास दाखवणाराही ज्योत हवी म्हणून गॅसच सोडतो. एक शंका मात्र कधीही बाजूला सारू नका. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, मुख्य कॉक बंद करा आणि जाणकाराला बोलवा.